आईच्या खोलीचा तांबडा

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आईनं आपल्या खोलीसाठी एक नंबरचा रंग पक्का केला. त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता तिनं दोन नंबरचा पक्का केला. सकाळी एक म्हणाली होतीस, असं सांगितल्यावर ती म्हणाली, की सकाळी त्या जागी हा रंग नव्हताच. बुधवारी सकाळी नऊ पन्नासला ती पुन्हा एकवर आली.

या वेळा मी लिहून ठेवल्या होत्या.

घर झाशीत आहे. आईचं माहेरही झाशीचंच, कित्येक पिढ्यांचं. वडील रेल्वेत होते. तीसेक वर्षं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेली आणि तिथल्या सगळ्या भिंती एकाच पिवळ्या रंगाच्या असत. निवृत्तीनंतर हे घर झालं, तेव्हा वडिलांच्या पसंतीनं सगळीकडे क्रीम लागला. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. यंदा फेब्रुवारीत आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यासाठी मी भोपाळहून आले होते आणि रजा वाढवून राहिले होते. ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी आई म्हणाली, "मला माझी खोली तांबडी हवी."

"लाल?"

"लाल नाही. तांबडी. गडद. आणि होळीच्या आत."

डोळा नीट होईपर्यंत खोलीत रंगाचा वास नको, असं मी म्हटलं. ती हॉलमध्ये झोपेन म्हणाली. सीपरी बाजारातल्या दुकानात आम्ही दोघी गेलो. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा कपाळावर चढवून तिनं शेडकार्ड उन्हात धरलं आणि तांबड्याच्या पानावरून दोन रंग काढले. दोन्ही गडद. दुकानदारानं लहान डबे मिसळून दिले. रंगाऱ्यानं तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर हातभर उंचीचे दोन पट्टे शेजारी शेजारी ओढले आणि खाली पेन्सिलीनं १ आणि २ असे आकडे टाकले.

मला ते दोन रंग शेजारी असतील तरच वेगळे वाटत. एक किंचित डाळिंबाकडे झुकणारा, दुसरा विटेकडे. एकावर हात ठेवून झाकला, की उरलेला कुठला, हे मला आकडा वाचल्याशिवाय सांगता येत नसे. आईचं तसं नव्हतं. झाशीतल्या मराठी बायका साडीला फॉल कुठला, ब्लाउजपीस कुठला, हे ठरवायला तिच्याकडे येत. हळदीकुंकवाला आलेली बाई वाण घेता घेता पिशवीतून कापड काढायची आणि आई तिला दारातल्या उजेडात नेऊन एका शब्दात निकाल द्यायची. त्या निकालावर कुणी पुन्हा विचारत नसे.

म्हणूनच तिचं एकवरून दोनवर आणि दोनवरून एकवर जाणं साधं नव्हतं.

दादा पुण्याला असतो. आईनं यापुढे एकटीनं राहू नये, घर भाड्यानं द्यावं आणि पुण्याला यावं, असं त्याचं म्हणणं वर्षभर चालू होतं. दिवाळीच्या सुमारास दोनदा गॅस चालू राहिला होता. एकदा समोरच्या काकूंना तिनं त्यांच्या सुनेच्या नावानं हाक मारली होती. आई नाही म्हणत होती. शेवटी डोळा झाल्यावर ठरवू, असं तिघांत ठरलं आणि दादा शनिवारी येणार होता. त्यानं मला फोनवर सांगितलं होतं, "तू तिथे आहेस तर नीट बघ. काय विसरते, काय बोलते, लिहून ठेव. प्रुफं तपासतेस तू, चुका टिपणं तुझं कामच आहे."

आईला हे माहीत होतं. मंगळवारी रात्रीचं जेवण वाढताना ती म्हणाली, "वहीत काय लिहितेस ते मला कळतं. माझं शुद्धलेखन तपासत नाहीयेस तू."

बुधवारी संध्याकाळी ती दोनवर गेली. या वेळी कारणही दिलं. "एक नंबर वांग्यासारखा आहे. वांग्याच्या खोलीत कोण झोपेल?"

"सकाळी तू त्याला डाळिंबी म्हणालीस."

"सकाळी डाळिंबीच होता."

गुरुवारी सकाळी साडेनऊला रंगारी आला. तो रोज याच वेळी येई, निकाल विचारी, आणि निकाल नसेल तर पुढच्या खोलीच्या दारांना घासकागद मारत बसे. पन्नाशीचा, समथरकडचा माणूस. आई त्याला भैया म्हणे, तो तिला अम्मा.

"काए अम्मा, पक्की भई?"

"पक्की. एक नंबर. और वो दो नंबर पे सफेदी मार दो भैया, मेरे को दिखना नहीं चाहिए."

"काए?"

आईनं त्याला उत्तर दिलं नाही. मला मराठीत म्हणाली, "आलवण आहे ते."

आलवण मी पाहिलेलं नाही. आईनं पाहिलं आहे. तिच्या माहेरी तिच्या आजोबांची बहीण होती. लहानपणी विधवा झालेली, केस काढलेली. तिला जन्मभर एकाच प्रकारचं जाड तांबडं लुगडं नेसावं लागलं. त्या कापडाला आलवण म्हणत. आई सहा-सात वर्षांची असेपर्यंत ती आत्याआजी होती. ते लुगडं वाळत घातलेलं असलं, की मुलींनी त्याच्या खालून जायचं नाही, असं घरात होतं. आई एवढंच म्हणाली, "तुझे वडील गेल्यावर मी कुंकूसुद्धा सोडलं नाही. आणि आता चार भिंतींना आलवण गुंडाळू?"

सफेदी मारायला मी रंगाऱ्याला थांबवलं होतं. त्या संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिनं त्याच दोन नंबरच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा छान आहे. हाच लावू."

"आणि आलवण?"

"कुठंय आलवण?" तिनं भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "त्यानं बदललेत पट्टे. दुपारी मी पडले होते तेव्हा."

"आई, खाली आकडे आहेत. पेन्सिलीचे."

"पेन्सिल पुसता येते."

रंगारी बाहेर ब्रश धूत होता. त्याला ऐकू गेलं, आणि मराठी कळत नसलं तरी बोट कुणाकडे आहे हे कळलं. तो दारात येऊन उभा राहिला. "अम्मा, हमने कछू नईं बदलो. दीवार कोऊ उठा कें लै जैहै का?"

आई पलंगावर बसली. बराच वेळ दोन्ही पट्ट्यांकडे पाहत राहिली.

मी वही उघडली. आत्तापर्यंतच्या सहा नोंदी होत्या. प्रत्येकीत वेळ, ऊन की ढग, ट्यूबलाइट चालू की बंद, कोण हजर, आईचे शब्द. सकाळच्या तिन्ही नोंदी एकच्या बाजूनं. संध्याकाळच्या तिन्ही दोनच्या. साहजिकच मला उजेडाचा संशय आला. खोलीची खिडकी पूर्वेला आहे. पण बुधवारी सकाळी ढग होते आणि ट्यूब लावावी लागली होती, तरी उत्तर एक नंबरच होतं. गुरुवारी दुपारी तीनला मी पडदा ओढून, ट्यूब लावून विचारलं होतं, तेव्हा ती दोन म्हणाली होती. ती नोंद मी समासात लिहिली होती. म्हणजे कारण उजेडाचं नव्हतं.

मग काय होतं, ते मला सुचेना. दादाला दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "एकच फोटो दोनदा आलाय." मी फोन केला.

"दोन वेगळे आहेत."

"मला नारिंगी दिसतायत. दोन्ही. ते जाऊ दे, ती काय म्हणते?"

मी सगळं सांगितलं. सकाळी एक, संध्याकाळी दोन, आलवण, पट्टे बदलल्याचा आरोप.

"लोक आपल्या वस्तू बदलतात असं वाटायला लागणं," तो म्हणाला, "हे लक्षण आहे. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. टॉवेल बदलला म्हणायचे."

"हो."

"मी इथे डॉक्टरची वेळ घेऊन ठेवतो. तुझ्या नोंदी मला पाठव."

गुरुवारी रात्री जेवणानंतर मी वहीच्या तीन पानांचे फोटो काढून त्याला पाठवले. आईला सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला रंगारी आला, तेव्हा मी आईच्या डोळ्यात औषध घालत होते. तीन बाटल्या होत्या. प्रत्येकीचा एक थेंब, मध्ये दहा दहा मिनिटं. डॉक्टरांनी थेंब घातल्यावर डोळा क्षणभर मिटायला सांगितलं होतं. आईनं त्याचं आपलं शास्त्र केलं होतं. औषध वाहून जाऊ नये म्हणून ती पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबानंतर दहा मिनिटांपर्यंत त्या डोळ्यावर स्वच्छ कापूस धरून बसे. रात्रीचे थेंब झोपताना, दिवे मालवून. सकाळचा हा अर्धा तास ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसे, आणि रंगारी नेमका त्याच अर्ध्या तासात येई.

"अम्मा, आज आखिरी बेर पूछ रए," तो म्हणाला. "फिर हम होली बाद आएँगे."

"एक नंबर," आई म्हणाली. आवाज खाली होता. तिला कळत होतं की आपण पुन्हा उलट बोलत आहोत. "दो नंबर खराब है. पर शाम को पता नहीं मैं क्या बोलूँगी भैया. मेरा कुछ ठीक नहीं."

मी बाटलीचं झाकण लावत होते. रंगारी आईकडे पाहत होता. मग तो हसला.

"अम्मा, कौन सी आँख बनी है?"

"ये," आईनं ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरच्या कापसाकडे बोट केलं.

"और देख कौन सी से रईं?"

मी बाटली खाली ठेवली.

"हमाए बाप की एक आँख बनी हती," तो खाली उकिडवा बसत म्हणाला. "एक आँख मूँदें तो दूध हल्दी जैसो पीरो, दूसरी मूँदें तो नीलो. दूधवाले से रोज की लड़ाई. कि तूने सबेरे शुद्ध दओ और साँझ के नील मिलाओ."

"फिर?" मी विचारलं.

"फिर का. दूसरी भी बनवा दई. लड़ाई खतम."

थेंब माझ्या हातानं घातले जात होते. कापूस मीच उकळलेल्या पाण्यात बुडवून देत होते. वहीत ढग होते, ट्यूबलाइट होती, रंगाऱ्याचे शब्द होते. कुठला डोळा उघडा होता, हे एकाही नोंदीत नव्हतं.

थेंबांची वेळ संपल्यावर मी आईला उजवा डोळा झाकायला सांगितला, मग डावा. ती स्वतःच हात बदलत राहिली. उजवा झाकला की दोन नंबर आलवण, एक नंबर डाळिंब. डावा झाकला की दोन नंबर तांबडा, एक नंबर वांगं. दोन्ही उघडे ठेवले की नव्या डोळ्याचं चाले. मी पट्ट्यांवर वर्तमानपत्रं लावली, क्रम बदलत, कुठला हे न सांगता एकेक उघडत गेले. दहा वेळा विचारलं. दहाही वेळा उत्तर डोळ्याप्रमाणे तेच आलं.

"म्हणजे मी ठीक आहे," आई म्हणाली.

"हो."

"आणि रंग?"

तिनं रंगाऱ्याला विचारलं, "भैया, तुमको कैसा दिखता है?" तो म्हणाला, "अम्मा, हमें तो दोई अच्छे लग रए." ती वैतागली. मग तिनं त्याला हात जोडले आणि पट्टे बदलल्याचं बोलले ते चुकलं म्हणाली. तो म्हणाला, "अरे अम्मा, बाप तो हमें लाठी ले कें दौड़ते हते."

तो चहा प्यायला बाहेर गेल्यावर तिनं मला फडताळातली हिरवी साडी काढायला लावली. तीन वर्षांपूर्वी स्वतः फॉल लावलेली. दारात नेऊन तिनं साडीचा काठ उलटला आणि आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं पाहिला. जुन्या डोळ्याला फॉल साडीत मिसळून जात होता. नव्या डोळ्याला तो निळसर दिसत होता. मलाही निळसरच दिसत होता. गेली तीन वर्षं तिला ती साडी नेसलेली मी पाहत होते.

"तू कधी बोलली नाहीस," आई म्हणाली.

"तुला रंगाचं कोण बोलणार?"

"मग मी त्या कापडं घेऊन येणाऱ्या बायकांना काय काय लावून दिलं असेल?" ती हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. "किती वर्षं?"

ते कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. मोतीबिंदू कधीपासून धरत होता, याची नोंद नाही.

साडेअकराला मी दादाला संदेश पाठवला. काल पाठवलेल्या नोंदींत चूक आहे, आई दोन वेगळ्या डोळ्यांनी पाहत होती, दोन्ही वेळचं तिचं बोलणं त्या त्या डोळ्याप्रमाणे बरोबर होतं. त्यानं लगेच फोन केला.

"नक्की काय? ती बरोबर आहे की चूक?"

"दोन्ही वेळा बरोबर."

"असं कसं? भिंत एकच आहे ना?"

"भिंत एकच आहे."

"मग एकदा तरी चूक असणारच."

मी म्हटलं, येऊन बघ.

दुपारी आम्ही छावणीजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारायला गेलो. ते म्हणाले, अशी तक्रार घेऊन बरेच लोक येतात. जुन्या डोळ्याच्या आतलं भिंग पिवळट तपकिरी झालेलं असतं, त्यातून सगळं तसंच दिसतं. दुसरा डोळा झाला की दोन्ही सारखे होतील. आईनं विचारलं, "सारखे म्हणजे या डोळ्यासारखे की त्या डोळ्यासारखे?" ते म्हणाले, नव्यासारखे. परत येताना रिक्षात ती आळीपाळीनं एकेक डोळा झाकून रस्त्याकडे पाहत होती.

शनिवारी सकाळी दादा आला. बॅग ठेवून तो सरळ आईच्या खोलीत गेला. त्यानं तिला उजवा डोळा झाकायला लावला, डावा झाकायला लावला, पट्ट्यांवर वर्तमानपत्रं पुन्हा लावली.

"परीक्षा घेतोस?" आई म्हणाली.

"बघतोय फक्त."

"बघ. नापास झाले तर नेशील ना पुण्याला?"

ती नापास झाली नाही. दादानं स्वतःचेही डोळे आळीपाळीनं झाकून पाहिले. "मला दोन्ही चॉकलेटी दिसतायत," तो म्हणाला.

"तू शाळेत एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी मोजा घालून जायचास. तुझं कोण विचारतंय?"

दादा खुर्चीत बसला. "आणि गॅस?"

आई पलंगाच्या कडेला बसली होती. "गॅस राहिला होता," ती म्हणाली. "दोनदा. ते डोळ्यानं झालं नाही. ते खरं आहे."

"काकूंचं नाव?"

"तेही खरं. पण त्या सासू-सुना दिसतातही सारख्या."

"आई."

"पट्टे बदलले असं मी म्हणाले ते खोटं होतं. म्हणजे तेव्हा मला खरंच वाटत होतं. आता तू ठरव यातलं कुठलं वय आणि कुठलं मोतीबिंदू. मला नाही वेगळं करता येत."

दुपारभर यावर बोलणं झालं. दादा म्हणाला, दुसरा डोळा पुण्याला करू, तिथे आमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. आई म्हणाली, इथेच, याच डॉक्टरांकडे, म्हणजे दोन्ही डोळे एका हातचे. तो म्हणाला, मग तोवर स्वयंपाकाला बाई ठेव. ती म्हणाली, ठेवते. तो म्हणाला, आणि गॅसला ती आपोआप बंद होणारी कळ बसवू. ती म्हणाली, बसव. तो म्हणाला, डोळा झाल्यावर आपण पुन्हा बोलू. ती म्हणाली, "बोलू. तोवर मी इथे."

"भिंती क्रीमच ठेव ना मग," तो शेवटी म्हणाला. "एवढा घोळ कशाला?"

"नाही," आई म्हणाली.

रविवारी सकाळी थेंबांच्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. उजव्या डोळ्यावर कापूस. त्या अर्ध्या तासात ती एक नंबरकडेच पाहत होती. "दुसरा डोळा झाला की हा असा दिसायचा नाही," ती म्हणाली. "वांगंच दिसेल. कायमचं."

"हो. डॉक्टर तेच म्हणाले."

"म्हणजे दोनच लावायला हवा."

"तोवर रोज सकाळी अर्धा तास तुला आलवण दिसेल."

"अर्धा तास मी डोळे मिटून बसेन. तू तसंही मिटायलाच सांगतेस ना?"

दादा रविवारी दुपारच्या गाडीनं एकटा पुण्याला गेला. निघण्यापूर्वी त्यानं गॅसची कळ बसवणाऱ्याला फोन केला होता. तो माणूस सोमवारी सकाळी अकराला आला आणि कळ बसली. आईच्या निरोपावरून रंगारीही होळीआधीच, सोमवारी आला आणि त्यानं दोन नंबरचा मोठा डबा उघडला. संध्याकाळी साडेपाचपर्यंत तीन भिंतींवर पहिला हात झाला. पलंगासमोरच्या चौथ्या भिंतीवर त्यानं आईच्या सांगण्यावरून एक नंबरचा हातभर पट्टा तसाच सोडून भोवतीनं रंग लावला. डॉक्टरांनी डाव्या डोळ्यासाठी एप्रिलचा पहिला आठवडा दिला आहे.